हूं करतं पण फिरत नाही : धुलाई मशीनच्या मोटरीचा जुना इतिहास



आमच्या नळदुर्गात पाण्याला कामाला लावण्याची परंपरा मोठी. किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभा केला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पण घरातलं धुणं मात्र पुढची तीनशे वर्षं बायांच्या मनगटावरच राहिलं. ते मनगट सुटलं मोटरीमुळे. म्हणून मोटर बिघडली की आपला जीव कासावीस होतो, आणि "मोटर गेली, नवीन टाका" असं कोणी म्हटलं की आपण पैसे मोजून मोकळ्या होतो. मोटरीचा इतिहास थोडा माहीत असला, तर कोणता बिघाड कुठून आला हे आपलं आपल्यालाच उमगतं.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या थॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराची. 1837 साली त्याला विजेच्या मोटरीचं पेटंट मिळालं. तारेचे वेढे एकमेकांना चिकटून वीज भलतीकडे जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने, एमिलीने, आपल्या लग्नाच्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या करून दिल्या, असं सांगतात. रेशमामागची हिंसा आपल्याला ठाऊक आहे. आज तारेवर रेशीम नसतं, पातळ लेप असतो. मोटर फार तापली की हाच लेप जळतो. करपल्याचा वास आला तर मशीन लगेच बंद करायचं. ही मोटर 'भरायला' न्यावी लागते. शेतपंपाच्या मोटरी भरणारे कारागीर आपल्या भागात आहेत. मोटर भरून मिळते का आणि नवीनपेक्षा किती स्वस्त पडते, हे आधी त्यांना विचारा.

डेव्हनपोर्टच्या घराण्यातली मोटर जुन्या, पुढून दार उघडणाऱ्या अनेक मशीनमध्ये असते. तिच्यात फिरत्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे ब्रश घासत राहतात. पाटीवरच्या पेन्सिलीसारखे ते झिजतात. मोटर अडखळली, जास्त ठिणग्या दिसल्या, तर आधी ब्रश बदलून बघतात, मोटर नव्हे.

दुसरी गोष्ट 1888 ची. इटलीत फेरारिस यांनी आणि अमेरिकेत टेस्ला यांनी ब्रशाशिवाय फिरणारी मोटर जगापुढे मांडली. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे 1910 मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, त्याच वर्षी अमेरिकेत अल्वा फिशर यांना विजेच्या धुलाई मशीनचं पेटंट मिळालं. 1946 मध्ये बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली.

टेस्लांच्या मोटरीला मागेपुढे चालणारे दोन प्रवाह लागतात, तरच चुंबकाचा जोर गोल फिरतो. शेतपंपाला थ्री फेज मिळते. घरी मात्र एकच फेज येते. मग दुसरा प्रवाह आणायचा कुठून? ते काम कॅपॅसिटर करतो. तो अशक्त झाला की मोटर "हूंऽऽ" करत जागीच थांबते. दोन टबांच्या मशीनमध्ये हा बिघाड फार आढळतो आणि मोटरीच्या मानाने कॅपॅसिटर अगदी स्वस्त असतो. नवीन घेताना जुन्यावर लिहिलेलाच आकडा बघून घ्यावा.

मग घरी काय बघायचं?

आधी प्लग काढा. टब रिकामा करून तळाचं चक्र हाताने फिरवा. अडकलं तर खाली नाणं, पिन किंवा मोजा असेल. सहज फिरलं आणि तरी मशीन नुसतं हूं करत असेल, तर कॅपॅसिटरचा संशय घ्या. मोटर फिरते पण चक्र फिरत नाही, तर पट्टा सैल किंवा तुटलेला. थोडं चालून बंद पडतं, थंड झालं की पुन्हा चालतं, तर मोटर तापते आहे. कपडे कमी घाला.

व्होल्टेजही बघा. 230 च्या जागी 160 आलं, तर मोटरीचा जोर जवळजवळ निम्मा होतो. संध्याकाळी पंखे मंदावले असतील तर धुणं सकाळवर ढकलावं.

मागचं झाकण उघडून कॅपॅसिटरला मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. ते काम मिस्त्रीचं. आपण त्याला नीट सांगायचं: आवाज येतो का, वास आला का, चक्र हाताने फिरतं का. एवढं सांगितलं की "मोटरच बदला" हे वाक्य सहसा ऐकावं लागत नाही.

पूजेचे आणि आहारदानाचे कपडे आपण गाळलेल्या पाण्यात हातानेच धुतो, ते तसंच राहो. पण रोजच्या धुण्यातही समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलेली प्रमादचर्या आठवावी. कारण नसताना पाणी सांडणं, अग्नी वापरणं हा अनर्थदंड. अडखळणारं मशीन तीन-तीनदा भरून चालवणं त्यातच येतं, आणि दुरुस्त होणारी मोटर भंगारात देणंही मला त्याच्या जवळचंच वाटतं.