एमएनई-पायथन : इतर आज्ञावलींशी जोडणी

एमएनई-पायथन ही मेंदूतील विद्युत व चुंबकीय संकेतांचे (ईईजी, एमईजी) विश्लेषण करणारी मुक्त आज्ञावली आहे. मात्ती हॅमॅलाइनेन यांच्या सी भाषेतील ‘एमएनई’ संचातून ती वाढली. अलेक्सांद्र ग्रामफोर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

सगळे काम ती एकटी करीत नाही. एमआरआय प्रतिमांवरून मेंदूच्या पृष्ठभागाचा आराखडा फ्रीसर्फर काढून देते. मॅटलॅबवर चालणाऱ्या ईईजीलॅब व फील्डट्रिप यांच्या फायली एमएनई-पायथन थेट वाचते. ईईजीलॅब व ईडीएफ स्वरूपात निर्यातही करते.

खरी मेख आहे ती एककांत. ईईजीलॅब मायक्रोव्होल्टमध्ये मोजते, एमएनई व्होल्टमध्ये. फाइल वाचण्याचे ठरलेले फंक्शन वापरले की रूपांतर आपोआप होते. पण मॅटलॅबमधील आकडे तसेच उचलून दिले, तर ५० मायक्रोव्होल्टचा संकेत ५० व्होल्टचा होऊन बसतो आणि आज्ञावली तो निमूटपणे स्वीकारते. मांडणीही वेगळी : ईईजीलॅबमध्ये वाहिनी, काळ, चाचणी असा क्रम, तर एमएनईत चाचणी, वाहिनी, काळ. शिवाय मॅटलॅबची मोजणी १ पासून, पायथनची ० पासून. त्यामुळे घटनेची खूण एका नमुन्याने सरकू शकते. अशी चूक आलेखात सहसा नजरेत भरत नाही, म्हणून ती अधिक घातक.

फायलींची नावे व सोबतची माहिती एकसारखी ठेवणारे ‘बिड्स’ मानक एमईजीसाठी २०१८ मध्ये व ईईजीसाठी २०१९ मध्ये विस्तारले गेले. एमएनई-बिड्स हे पॅकेज त्यानुसार विदा वाचते व लिहिते.