शिष्यवृत्ती आहे, पण ते कळतं कुणाला?

परवा वसतिगृहातली पहिल्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन खोलीवर आली. "ताई, शिष्यवृत्तीचा फॉर्म बघता का जरा?" बघितलं, तर तिला दोन योजना लागू होत होत्या. त्यातल्या एकीचं नावही तिनं ऐकलं नव्हतं. शेवटची तारीख चार दिवसांवर, आणि जवळचा उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला.

माझं संशोधन नेमकं याच प्रश्नाभोवती फिरतं: पैसे होते, पण ते आहेत हे कुणापर्यंत पोचत होतं?

पेशवाईत पुण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. त्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसं आणि कॉलेजात 'दक्षिणा फेलो' आले. म्हणजे दानाची हळूहळू शिष्यवृत्ती झाली. पण तिची बातमी फिरायची ती बहुतेक त्याच वाड्यांमधून.

बाहेरच्याला ती कळायची कशी? भीमराव आंबेडकरांचं उदाहरण घ्या. इंटर झाल्यावर पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले: तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. अटही होती, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

आता विचार करा, केळुसकर भेटलेच नसते तर? हुशारी तीच, महाराजांचा खजिनाही तोच. फक्त मधला माणूस नाही.

१९४४ मध्ये केंद्र सरकारनं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मला या योजनेतली रकमेहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की आता कुणाच्या मर्जीची गरज उरली नाही. नियमात बसलात, की अर्ज करायचा.

आज महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर योजनांची यादी कुणालाही मोबाइलवर दिसते. नोटीस बोर्डावरच्या कागदापेक्षा हे कितीतरी बरं. पण यादी दिसणं वेगळं आणि त्यात आपण बसतो हे कळणं वेगळं. दाखले, आधारला जोडलेलं बँक खातं, तारखा हे सगळं घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या मुलीला कोण सांगणार? मधला माणूस अजून लागतोच.

त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी गावी फोन केला, वडील दाखल्यासाठी तहसीलला गेले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी फॉर्म गेला. मंजूर होतो का, बघू.

तुमच्या ओळखीत कुणी यंदा कॉलेजात गेलं असेल, तर एवढंच विचारा: "फॉर्म भरलास का?"