उफाळणारे तारे

श्रोतेहो, आभाळातले तारे आहेत तसेच राहतात, असा आपला समज असतो. पण काही तारे आठवडेच्या आठवडे मिणमिणत राहतात आणि एखाद्या दिवसात भडकून उठतात. १५ डिसेंबर १८५५ रोजी लंडनमध्ये जॉन हिंड यांना मिथुन राशीत असा एक तारा दिसला. थोड्याच दिवसांत तो मंदावला. मार्च १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांना तो पुन्हा उजळलेला आढळला. हेच पॉगसन पुढे १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत आले.

असाच दुसरा तारा १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेच्या लुईझा वेल्स यांनी हंस तारकासमूहात शोधला. त्याचे नाव एसएस सिग्नाय. साधारण सात आठवड्यांनी त्याचे तेज चाळीस पट होते.

हे असे कां व्हावे? १९५६ साली आल्फ्रेड जॉय यांनी दाखवले, की हा एक तारा नसून जोडी आहे. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्यांतला एक लहान पण अतिशय घन आहे. तो जोडीदाराचा वायू ओढून घेतो आणि त्या वायूची तबकडी त्याच्याभोवती गरगरत राहते. आता वाद असा, की जोडीदारच मधूनमधून जास्त वायू सोडतो, की वायू तबकडीत साठतो आणि बांध फुटावा तसा एकदम आत कोसळतो? दुसरा विचार १९७४ साली जपानच्या ओसाकी यांनी मांडला.

लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल, मग पांढरे होते. त्याहूनही तप्त वस्तूचा बराच प्रकाश अतिनील असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि आपले वातावरण तो अडवते. म्हणून १९७८ साली आययूई ही दुर्बीण अवकाशात गेली. व्हीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याच्या उफाळ्यात तिला दिसले, की साधा प्रकाश आधी वाढतो आणि अतिनील सुमारे अर्ध्या दिवसाने. म्हणजे भडका तबकडीच्या थंड, बाहेरच्या कडेकडून आत सरकत होता.

पण वाद एवढ्याने मिटला नाही. १९९९ साली हबल दुर्बिणीने एसएस सिग्नाय सुमारे ५२० प्रकाशवर्षे दूर ठरवला. इतक्या दूरचा तारा एवढा तेजस्वी, हे ओसाकींच्या विचारात बसेना! २०१३ साली रेडिओ दुर्बिणींनी ते अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे भरवले आणि हिशेब जुळला.

पण उफाळा कधी येणार हे मोठ्या दुर्बिणींना आधी कसे कळावे? ते कळवले घराच्या अंगणातून लहान दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांनी. १९११ पासून त्यांची संघटना अमेरिकेत आहे. शिक्षकबंधूंनो, भाद्रपद-आश्विनातल्या संध्याकाळी मुलांना हंस जरूर दाखवा. रोज पाहून नेमाने लिहून ठेवणे, हेही शास्त्रच आहे.