ऊस हंगामाआधी ट्रॅक्टरची ट्रॉली कशी तयार करतात?

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगाम संपला की ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या गोठ्यामागे, झाडाखाली नाहीतर शेताच्या बांधावर उभ्या राहतात. मधले चार महिने पाऊस झोडपतो. गव्हाणीत मोळी पडली की हीच ट्रॉली पुन्हा टनावारी ऊस घेऊन रस्त्यावर येते.

थंड देशांत सहलीसाठी गाडीमागे जोडायची फिरती घरं हिवाळाभर झाकून ठेवतात आणि वसंतात तपासून बाहेर काढतात. कोल्हापुरात हेच काम पावसाळ्यानंतर उसाच्या ट्रॉलीचं होतं. फरक एवढाच की, इथे प्रश्न सहलीचा नसून मजुरी, वाहतुकीचं भाडं आणि रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाचा असतो.

तयारी कधी करायची?

बरेच ट्रॅक्टरमालक खंडेनवमीचा मुहूर्त धरतात. त्या दिवशी अवजारं आणि वाहनं धुऊन त्यांची पूजा होते. पण पूजेला ट्रॉली चकाचक दिसणं आणि ती वाहतुकीला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगाम तोंडावर आला की वेल्डर, टायरवाला आणि मिस्त्री या तिघांकडेही गर्दी होते. म्हणून पाऊस ओसरताच तपासणी सुरू केलेली बरी.

पहिलं काम : धुणं आणि गंज शोधणं

गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. ट्रॉलीच्या तळाशी कोपऱ्यात साचलेली माती, पाचट आणि पाला ओल धरून ठेवतो, त्यामुळे पत्रा तिथूनच आधी सडतो. मधल्या काळात शेणखत किंवा रासायनिक खत वाहिलं असेल, तर खतातल्या क्षारांमुळे गंजाचा वेग आणखी वाढतो.

ट्रॉली आधी खालून-वरून स्वच्छ धुवावी. वाळल्यावर चॅनेल, फळक्यांच्या बिजागऱ्या आणि वेल्डिंगचे सांधे हातोडीने हलके ठोकून पाहावेत. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द आवाज करतं. सांध्याजवळ गंजाची बारीक सरळ रेघ दिसली तर तिथे तडा असू शकतो. नुसता रंग मारला की तडा झाकला जातो, भरत नाही.

धुताना काळजी घ्यावी. महिनोन्महिने उभ्या असलेल्या ट्रॉलीखाली साप, विंचू किंवा गांधीलमाश्यांचं पोळं सापडणं नवीन नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : हब आणि बेअरिंग

चाकाच्या मधल्या भागाला हब म्हणतात. त्यातल्या बेअरिंगवर सगळा भार फिरतो. पावसाचं पाणी सील ओलांडून आत गेलं की ग्रीस पांढरट, दुधासारखं होतं आणि त्याचा वंगणाचा गुण जातो. मग बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. अशी ट्रॉली रिकामी असताना ठीक चालते, पण भरल्यावर हब तापतो, बेअरिंग जाम होतं आणि प्रसंगी चाकच निखळतं.

तपासायची पद्धत अशी :

१. ट्रॉली सपाट, टणक जागेवर उभी करून इतर चाकांना पुढे-मागे उटी लावावी.
२. जॅकने चाक उचलल्यावर ऍक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नये.
३. चाक हाताने फिरवावं. खरखर आवाज आला किंवा चाक अडकत फिरलं, तर बेअरिंग खराब आहे.
४. चाक वर आणि खाली धरून हलवावं. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल किंवा झिजलेलं आहे.
५. हब उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसावं, बेअरिंग डिझेलने धुऊन वाळवावं आणि नवीन ग्रीस रोलरच्या आतपर्यंत दाबून भरावं.
६. बसवताना सील आणि स्प्लिट पिन नवीनच घालावी.

जुन्या ग्रीसवर नवीन ग्रीस चोपडलं, तर पाणी आतच राहतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखं पाणी शिरोळ, करवीर भागात ट्रॉलीच्या चाकांपर्यंत आलं असेल, तर बाहेरून काहीही दिसत नसलं तरी सगळे हब उघडावेत.

टायर : नक्षी असली म्हणजे चांगला असं नाही

टायर एकाच जागी उभा राहिला की खालचा भाग चपटतो, तर उन्हाने रबराला बाजूने बारीक भेगा पडतात. भेगांमधून आतले धागे दिसू लागले, की नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलावा.

टायरवर चार आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर घेताना हा आकडा आधी बघावा.

हवा टायर कंपनीने दिलेल्या मापाने भरावी. कमी हवेचा टायर ओझ्याखाली जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत. पहिली भरलेली खेप झाल्यावर ते पुन्हा आवळणं गरजेचं असतं.

हूक, पिन आणि साखळी

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी पिन दर खेपेला घासते. पिनेला बोटाला लागेल अशी खाच पडली असेल किंवा दांडीचं भोक लंबुळकं झालं असेल, तर दुरुस्ती टाळू नये. पिनेच्या जागी जाड सळई किंवा बोल्ट घालून वेळ मारून नेणं धोक्याचं आहे. पिन वर उसळू नये म्हणून खालून लॉक हवा, आणि पिन तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून जोडीला साखळी हवी.

एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडल्या की दोन्ही जोड तपासावे लागतात. पुढची ट्रॉली मागच्या ट्रॉलीचाही भार ओढत असते. चारचाकी ट्रॉलीची पुढची फिरती प्लेट, कमानपाटे आणि यू-बोल्टही याच वेळी बघावेत.

ब्रेक आणि उतार

अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे भरलेल्या उसाचं सगळं ओझं थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरवर येतं. आजरा, चंदगड, भुदरगडसारख्या चढ-उताराच्या भागात ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. म्हणून ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले हवेत, ते सारखे लागले पाहिजेत आणि उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा. ट्रॉलीला ब्रेक असतील तर त्यांचे पाईप आणि लायनर आताच तपासावेत.

रेडियम आणि दिवे

ऊस वाहतूक रात्रीही चालते. अंधारात रस्त्याच्या कडेला उभी ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसतच नाही, आणि ऊस हंगामातल्या कितीतरी अपघातांचं मूळ यातच असतं. परावर्तक पट्टीला बोलीभाषेत रेडियम म्हणतात. ती मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी असावी. जुनी पट्टी धुऊनही चमकत नसेल तर नवीन लावावी.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ट्रॉली भरली की मागे लोंबणारा ऊस दिवे आणि रेडियम दोन्ही झाकतो. त्यामुळे भरलेल्या उसावर मागून बांधता येईल असा परावर्तक कापडाचा पट्टा किंवा त्रिकोण सोबत ठेवावा. दिव्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, हेही पाहावं.

रस्त्यात पंक्चर झालं, तर चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत. मागे राहिलेला एक दगडही पुढच्या दुचाकीस्वाराला पुरतो.

कागदपत्रं

ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी असते. नंबर वाचता येतो का आणि विम्यात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही समावेश आहे का, हे हंगामाआधीच पाहावं. अपघातानंतर हे कळून उपयोग नसतो.

पहिली फेरी रिकामी

सगळं झाल्यावर रिकामी ट्रॉली चार-पाच किलोमीटर फिरवावी. थांबून प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एखादा हब इतरांपेक्षा जास्त गरम लागला, तर तो पुन्हा उघडावा.

या तपासणीत एक-दोन दिवस जातात. भर हंगामात ट्रॉली रस्त्यात बसली, तर तोडलेला ऊस वाळून वजन घटतं, तोडणी टोळीचा दिवस बुडतो आणि कारखान्यावरचा नंबरही जातो.

हंगाम संपल्यावर काय करावं?

पुढच्या वर्षीचं निम्मं काम एप्रिलमध्येच वाचवता येतं. ट्रॉली धुऊन पूर्ण वाळवावी, उघड्या लोखंडाला रंग किंवा जुनं ऑइल लावावं आणि सगळीकडे ग्रीस भरावं. ऍक्सलखाली ठोकळे देऊन टायरवरचा भार कमी करावा. पाणी साचणार नाही असा उतार देऊन ट्रॉली उभी करावी. शेड नसेल तर निदान टायर तरी पोत्यांनी झाकावेत. नदीकाठच्या गावांत मात्र ट्रॉली पूररेषेच्या वर नेऊन ठेवणं हेच पहिलं काम.