वर आणि पळवाट : असुरांच्या सामर्थ्याविषयी मराठी श्रोत्यांची शंकापरंपरा

सोलापूर जिल्ह्यातील सांगोले तालुक्यात माण नदीच्या काठी नाझरे हे गाव आहे. शके १५८० (इ. स. १६५८) मध्ये तेथे जन्मलेल्या श्रीधराने मराठी श्रोतृवर्गावर जेवढे दीर्घ राज्य केले तेवढे ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम व रामदास वगळता फार थोड्यांना साधले असेल. ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) व ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे त्याचे ग्रंथ आणि बारामतीस पूर्ण झालेले ‘शिवलीलामृत’ (१७१८) आधी हस्तलिखित पोथ्यांच्या रूपाने आणि एकोणिसाव्या शतकात छापखान्यांच्या द्वारे घरोघर पोहोचले. वाङ्मयेतिहासकारांनी त्याच्या या लोकप्रियतेचा गौरव केला खरा, परंतु त्या गौरवात किंचित् अनुकंपेचा सूर असतो. मुक्तेश्वराची प्रतिभा नाही, मोरोपंतांचे पांडित्य नाही, परंतु बायाबापड्यांना व खेडुतांना रुचेल असे रसाळ निरूपण आहे, असा त्या अभिप्रायाचा आशय असतो. या बायाबापड्या व खेडूत ऐकताना नेमके काय करीत होते, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही. ते केवळ माना डोलावीत होते असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक तपासण्यास एक मार्ग आहे, आणि तो वरवर पाहता काहीसा बालिश वाटण्याचा संभव आहे. पोथीतील असुरांच्या अंगी कोणते सामर्थ्य होते, ते कोठपर्यंत चाले आणि कोठे थिटे पडे, या एकाच प्रश्नाचा माग निरनिराळ्या काळच्या कथारूपांतून काढणे, हा तो मार्ग होय. देवळातील पुराण आटोपल्यावर ओट्यावर रंगणाऱ्या चर्चांची टिपणे सामान्यतः कोणी ठेवीत नसे. तथापि ज्या शंकेने श्रोते वारंवार अडत, तिचे उत्तर पुढचा कथेकरी कथेतच घालून ठेवी. जुन्या ग्रंथात नसलेला तपशील नव्या ग्रंथात दिसला, तर तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे विचारणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

श्रोत्याने शंका घ्यावी हे मराठी ग्रंथपरंपरेस मान्यच होते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा प्रारंभ श्रोत्यांकडे अवधानाची याचना करून होतो. दासबोधाचा तर पहिलाच समास श्रोत्यांच्या पृच्छेने उघडतो, आणि पुढेही ‘आशंका’ उपस्थित करून तिचे निरसन करण्याची पद्धत त्यात ठायी ठायी आढळते. तेथील शंका बहुतेक तत्त्वज्ञानाच्या आहेत. आख्यानकाव्य ऐकणाऱ्याची शंका निराळ्या जातीची असते. ब्रह्म निर्गुण कसे, हे तो विचारीत नाही. ब्रह्मदेवाने दिलेला वर अमुक प्रसंगी का फळला नाही, हे तो विचारतो.

असुराचे सामर्थ्य हे बहुधा वराचे सामर्थ्य असते, आणि वर ही शब्दांची बांधणी असते. वाल्मीकीच्या रावणाने देव, दानव, यक्ष, नाग इत्यादींपासून अभय मागितले. माणसांना तृणवत् लेखून त्याने ती यादी तेथेच संपविली, आणि रामायणाचा सारा पेच त्या एका वगळलेल्या नावावर उभा राहिला. हिरण्यकशिपू अधिक सावध होता. भागवताच्या सप्तम स्कंधात त्याने घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, भूमीवर नको, आकाशात नको, सजीवाकडून नको, निर्जीवाकडूनही नको, अशी सर्व दारे लावून घेतली आहेत. उंबरठा, संध्याकाळ, मांडी आणि नखे यांची जुळणी म्हणजे त्या प्रत्येक कलमास दिलेले उत्तर होय. नख सजीव की निर्जीव? ते वाढते म्हणून सजीव म्हणावे, तर कापताना वेदना होत नाही. नीरा व भीमा यांच्या संगमावरील, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह ज्यांचे कुलदैवत आहे, अशा घरांतील मुलांना हा वाद पाठ्यपुस्तकातून शिकावा लागत नाही.

भस्मासुराची कथा या दृष्टीने विशेष बोलकी आहे. भागवताच्या दशम स्कंधात हा असुर वृकासुर या नावाने येतो. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो मरावा, असा वर मिळताच तो शंकरावरच त्याची प्रचीती पाहण्यास निघतो. तेथे विष्णू ब्रह्मचाऱ्याच्या वेषाने त्याला गाठतो आणि शंकराच्या शब्दावर हल्ली कोणी विश्वास ठेवीत नाही, तेव्हा आधी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून खात्री करून घे, असे सुचवितो. येथे असुराचा नाश त्याच्या संशयाने होतो. मराठी श्रोत्याच्या परिचयाची कथा याहून वेगळी आहे. ‘शिवलीलामृता’तील भस्मासुर शंकराच्याच अंगच्या भस्मापासून उत्पन्न होतो आणि धन्यासाठी नित्य नवे भस्म आणण्याचे काम करतो. एके दिवशी भस्म मिळत नाही. तेव्हा तो हा वर मागतो तो सेवेतील सोय म्हणून. विलक्षण सामर्थ्य कारभाराच्या निकडीतून हाती यावे आणि मग ते देणाऱ्यावरच उलटावे, ही कल्पना ज्या काळात सरदारांना मुलुखगिरीचे अधिकार मिळत होते त्या काळच्या श्रोत्याला अपरिचित वाटली नसावी. पुढे मोहिनी नृत्य करते, असुर तिचे अनुकरण करीत नाचतो, आणि नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच मस्तकावर जातो.

या दोन कथांतील भेद केवळ रसाचा म्हणून सोडून देता येत नाही. वृकासुर हात ठेवतो तो जाणूनबुजून, भस्मासुर ठेवतो तो नकळत. नकळत ठेवलेल्या हाताने वर फळावा काय? सामर्थ्य हातात आहे की संकल्पात? मोहिनीच्या कथेने याचा निर्णय निःसंदिग्धपणे दिला आहे. वराच्या शब्दांत संकल्पाचा उल्लेख नव्हता, म्हणून संकल्पाची आवश्यकता नाही. असुराचा नाश करणारी पळवाट ही मुळात असुराच्याच बेसावध भाषेने ठेवलेली होती.

यापेक्षाही भक्कम पुरावा जरासंधाच्या आख्यानात मिळतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. त्या पर्वात जरासंधाची जन्मकथा आहे. दोन राण्यांना अर्धे अर्धे शरीर झाले, ती शकले टाकून देण्यात आली, आणि जरा नामक राक्षसीने ती एकत्र करताच सजीव बालक सिद्ध झाले. मात्र पुढे मृत्यूच्या प्रसंगी या जोडणीचा काहीच उपयोग केलेला नाही. भीम जरासंधाला उचलून गरगर फिरवितो आणि त्याची पाठ मोडतो, एवढ्यावर प्रकरण संपते. कीर्तनातून व पुराणातून मराठी श्रोता जी कथा ऐकत आला तीत असे होत नाही. भीम त्याला उभा चिरतो, तो शकले पुन्हा जुळतात आणि जरासंध उठून उभा राहतो. अखेर कृष्ण एक काडी चिरून तिचे तुकडे उलटसुलट बाजूंना फेकतो, तेव्हा भीमाला खूण पटते.

ही भर कोणी व केव्हा घातली याचा निर्णय पाठचिकित्सेचे अभ्यासक करतील. ती का घातली गेली, हे मात्र कथेच्या रचनेवरूनच उमगते. ज्याचे शरीर दोन शकले जुळून झाले, त्याची शकले पुन्हा का जुळू नयेत, असे जन्मकथा ऐकलेला कोणताही सावध श्रोता विचारील. प्राचीन पाठाने जन्माचे नवल सांगितले आणि ते विसरून गेला, श्रोता विसरला नाही. जन्मकथेत जो अद्भुत तपशील होता तो त्याने सामर्थ्याचा नियम म्हणून वाचला, आणि नियम आहे म्हटल्यावर त्याचा अपवादही शोधला. प्रक्षेप म्हटला की अभ्यासकाच्या मनात अशुद्धीची कल्पना येते. प्रस्तुत प्रक्षेप मूळ कथेपेक्षा अधिक तर्कशुद्ध आहे, हे नमूद केल्यावाचून गत्यंतर नाही.

अशी भर घालण्याची प्रवृत्ती मराठीपुरती नाही. इंद्रजिताचे बळ वाल्मीकीने निकुंभिलेच्या यज्ञाशी जोडले होते. यज्ञ पुरा होण्यापूर्वी जो विघ्न करील तोच त्याचा काळ, एवढीच तेथील अट आहे. उत्तरकालीन देशी रामायणांनी तीत कडक पथ्याची भर घातली. वर्षानुवर्षे निद्रा व आहार वर्ज्य केलेल्या पुरुषाच्याच हातून त्याला मरण येणार होते. त्याबरोबर शंका आलीच. वनवासात राम लक्ष्मणाला नित्य फळे देत असे, त्यांचे काय झाले? बंगालीतील कृत्तिवासाच्या रामायणात याचा झडतीहिशेब आहे. फळे घे असे राम म्हणाला, खा असे म्हणाला नाही, म्हणून लक्ष्मणाने ती सांभाळून ठेविली. ती मोजली असता सात दिवसांची फळे कमी भरतात, आणि त्या सातही दिवसांचा खुलासा लक्ष्मण एकेक करून देतो. कोण्या चिकित्सक मंडळीसमोर हे आख्यान अनेकदा सांगितले गेल्यावाचून इतका काटेकोर हिशेब कवीला सुचला असेल, हे संभवत नाही. आनंदरामायणातील अहिमहिरावणाच्या आख्यानात भुंगे अमृत आणून राक्षसांना पुनःपुन्हा जिवंत करतात आणि त्या पुरवठ्याचा उगम शोधल्याखेरीज मारुतीला यश येत नाही, याचीही जात हीच.

श्रीधराचे घराणे नाझऱ्याचे देशकुलकर्णी होते. परगण्याचे हिशेब व वतनाची कागदपत्रे या वातावरणात तो वाढला, आणि त्याचा श्रोताही या कागदांच्या जगातच वावरत होता. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, जुन्या सनदेतील शब्दांचा कीस काढला जाई, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. सनदेत जे लिहिले नाही ते दिलेले नाही, ही जाणीव निरक्षर पाटलालाही असे, कारण त्याचे वतन त्यावर अवलंबून होते. सायंकाळी तोच माणूस पुराणास बसला आणि रावणाच्या यादीतून मनुष्य कसा सुटला हे ऐकू लागला, तर तेथे त्याला आपल्या परिचयाचीच वस्तू दिसली असेल. हे अनुमान आहे. परंतु वराचे शब्द तोलण्याची ही हौस केवळ बालसुलभ कुतूहलातून आली असे मानण्यापेक्षा ते अधिक सयुक्तिक आहे. स्त्रियांना गोतसभेत निवाडा देण्याचा अधिकार नव्हता आणि वेदाध्ययनाचे दार स्त्रीशूद्रांना बंद होते, हे ध्यानी घेतल्यास ओट्यावरील या चर्चेचे मोल आणखी वाढते. ज्यांना अन्यत्र प्रश्न विचारता येत नव्हता, त्यांना खुद्द ब्रह्मदेवाच्या शब्दातील चूक येथे काढता येत होती.

अर्थात् कवीची दृष्टी याच दिशेस होती असे समजणे चुकीचे होईल. श्रीधराला असुरांच्या सामर्थ्याची मोजदाद करावयाची नव्हती. हरीच्या हातून मेलेला वैरीही तरतो, ही विरोधभक्तीची शिकवण त्याला द्यावयाची होती, आणि या शिकवणीपुढे वरातील पळवाटेला फारसे महत्त्व उरत नाही. ईश्वर सर्वसमर्थ आहे, तर त्याला पळवाट शोधण्याचे कारण काय? या प्रश्नाला भाविक उत्तर असे की आपल्याच भक्ताला दिलेला शब्द देव मोडीत नाही. या उत्तराने शंका शमत नाही, उलट तिला अधिष्ठान मिळते. देवालाही शब्द पाळावा लागतो असे एकदा मान्य झाले, की त्या शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे येतो. भक्तीचा ग्रंथ आणि तर्काचा खेळ हे दोन्ही एकाच ओवीच्या आश्रयाने नांदले, ते या कारणाने.

विसाव्या शतकात या राक्षसांनी एक अनपेक्षित प्रवास केला. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळणारे कल्पित वीरांच्या भूमिका घेतात आणि फासे टाकून राक्षसांशी झुंजतात. १९७७ साली त्यासाठी गायगॅक्सने ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा साडेतीनशेहून अधिक प्राण्यांचा कोश सिद्ध केला. त्यात ‘राक्षस’ याच नावाने एक नोंद असून त्याचे मूळ भारतात सांगितले आहे. तो पाहणाऱ्याला आप्ताच्या रूपात दिसतो, साध्या शस्त्राने त्याला इजा होत नाही, परंतु धर्मगुरूने अभिमंत्रित केलेला आडव्या धनुष्याचा बाण लागताच तो मरतो. ही शेवटची अट कोणत्याही पुराणातील नव्हे, १९७४ सालच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतून ती आली. रिच बर्ल्यूची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही चित्रकथा २००३ पासून अशाच खेळाच्या नियमांवर चालत आली आहे, आणि तिचे वाचक अमुक राक्षसाला अमुक शक्ती असताना त्याने ती का वापरली नाही, याचा काथ्याकूट करतात.

जरासंधाची शकले का जुळू नयेत असे विचारणाऱ्या श्रोत्याला त्यांचा वाद समजण्यास अडचण पडली नसती. अंतर आहे ते नियमाच्या भाषेत. त्या कोशात राक्षसाचे बळ आकड्यांनी मांडलेले असते, आणि आकडा कोणी कोणाला दिलेला नसतो. मराठी पोथीतील असुराचे बळ हे दुसऱ्याने दिलेले वचन असे, त्याला देणारा असे, घेणारा असे आणि देण्याघेण्याचा एक विशिष्ट प्रसंग असे. म्हणून तेथील वाद असुर किती बलवान, येथे न थांबता देणाऱ्याने असे वचन मुळात का दिले, येथवर जाई. भोळ्या शंकराने भस्मासुराला वर देताना चूक केली काय, हा प्रश्न ‘शिवलीलामृता’च्या श्रोत्यासमोर प्रत्येक पारायणात नव्याने उभा राहतो.