पट्टी पुढे, पेशंट मागून

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या छोट्या दवाखान्यात छातीत कळ येते म्हणून कोणी आलं, की आधी ईसीजीची पट्टी निघते आणि तिचा फोटो जळगाव-धुळ्याच्या ‘सरां’ना जातो. पट्टी अशी पेशंटच्या पुढे धाडण्याची सुरुवात झाली 1905 साली, नेदरलँड्समधल्या लायडनला.

विलेम आइन्थोवेन यांचं हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र सुमारे 270 किलोचं; ते प्रयोगशाळेतून हलणार कसं? पेशंट दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. मग मधे टेलिफोनची तार जोडली. तिकडे पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्यात, इकडे आलेख.

पुढे यंत्र हलकं होत तालुक्याच्या दवाखान्यात आलं. आता अडलं ते पट्टी वाचणाऱ्या तज्ज्ञापाशी. इस्रोने 2001 पासून लहान रुग्णालयं उपग्रहाने मोठ्यांना जोडायला घेतली. महाराष्ट्रातल्या पहिल्या टप्प्यात मुंबईच्या केईएमशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयांत नंदुरबार होतं. पण डिश, कॅमेरा, वेगळी खोली, ठरलेली वेळ असा तो सगळा सरंजाम. छातीतली कळ वेळ ठरवून येत नाही. म्हणून रुळला तो खिशातला फोन.

फोटो काढण्याचंही तंत्र आहे. पट्टी सपाट धरायची, ट्यूबलाइटची चमक टाळायची, बाराही लीड दिसल्या पाहिजेत, वर पेनाने वय आणि वेळ. सिस्टरने छातीवरची एक लीड चुकीच्या जागी लावली, तर पलीकडचा तज्ज्ञही फसतो.

कायदा मागून आला. 2018 मध्ये रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, फोनवरून औषधं सांगितल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टरमंडळी धास्तावली. कोरोनाच्या टाळेबंदीत, 25 मार्च 2020 ला केंद्राने नियमावली काढली. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला दुरून घेता येतो, पण उपचाराची जबाबदारी पेशंटजवळच्या डॉक्टरचीच, हे त्यात स्पष्ट आहे.

तिथेच खरी मेख आहे. पलीकडून ‘अटॅक आहे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्या’ असं उत्तर दोन मिनिटांत येईलही. ते इंजेक्शन कपाटात हवं, देणारा हात तयार हवा आणि 108 ची रुग्णवाहिका दारात हवी. एवढं नसेल, तर पट्टी वेळेत पोचून पेशंटच्या पदरात काहीच पडत नाही.