अंकी आणि अक्षरी

आमच्या शाळेत मुलांची एक छोटीशी बचतपेढी आहे. खाऊच्या पैशांतले चार-दोन रुपये मुले दर शनिवारी जमा करतात आणि वर्षअखेरीस त्यांवर झालेल्या व्याजाची पावती त्यांच्या हाती पडते. पूर्वी या पावत्या आम्ही शिक्षक मंडळी हातानेच लिहीत असू. पुढे एका ओळखीच्या गृहस्थांनी संगणकावर हिशेबाची व्यवस्था लावून दिली आणि आमची ती लिखापढी संपली. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी सातवीतली एक मुलगी पावती घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पावतीवर अंकी व्याज होते ४.३५ रुपये, आणि खाली अक्षरी लिहिले होते, ‘चार रुपये चौतीस पैसे फक्त’.

“सर, यातला एक पैसा कुठे गेला?”

“छपाईची चूक असेल, बाळ.”

“चूक असती तर एकदाच झाली असती, सर. पावती तीनदा काढून पाहिली. तिन्ही वेळा चौतीसच!”

यावर मी गप्प बसलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कादंबऱ्या लिहितो आणि खालच्या वर्गांना गणित शिकवतो. यंत्राच्या पोटातले मला काय कळणार? पण एका पोरीने सरळ प्रश्न विचारावा आणि मास्तराने तो टाळावा, हे मनाला रुचेना. म्हणून मी त्या एका पैशाच्या शोधाला लागलो आणि शोधता शोधता पार भास्कराचार्यांच्या दारापर्यंत जाऊन पोचलो. तीच हकीकत आज फराळाच्या ताटाबरोबर आपणांसमोर ठेवीत आहे.

पहिला प्रश्न मनात आला तो हा, की एकदा अंकांत लिहिलेली रक्कम पुन्हा अक्षरांत लिहायचीच कशाला? उत्तर प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. एकाचे सात करायला पेनाचा एक फटकारा पुरतो; मागे एक शून्य चिकटवायला तर तेवढेही कष्ट पडत नाहीत. ‘चारशे’ या शब्दाचे ‘चार हजार’ करणे मात्र सोपे नाही. म्हणून १८८१ सालच्या परक्राम्य संलेख कायद्याच्या अठराव्या कलमाने ठरवून टाकले आहे, की धनादेशासारख्या कागदावर अंकी रक्कम एक आणि अक्षरी रक्कम दुसरी असेल, तर अक्षरी रक्कमच खरी धरावी. आमची पावती म्हणजे काही धनादेश नव्हे. परंतु त्या न्यायाने पाहिले, तर मुलीचा पैसा नुसता हरवला नव्हता, तो कायदेशीररीत्या हरवला होता!

अक्षरांवरचा हा विश्वास इंग्रजांनी आपल्याला शिकवला, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिष्यांना आकड्यांची हीच भीती होती. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एखादा आकडा बिघडला, की ग्रहगणित कोलमडलेच. शिवाय ग्रंथ श्लोकबद्ध. श्लोकात आकडे बसणार कसे? म्हणून त्यांनी आकड्यांना शब्दांची वस्त्रे नेसवली. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, आकाश म्हणजे शून्य. भास्कराचार्यांनी आपल्या जन्माचा शक असाच सांगितला आहे. रस, गुण, पूर्ण आणि मही हे त्यांचे चार शब्द. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे पृथ्वी, ती एक. पण हे सरळ वाचले तर ६३०१ होतात. ते उलटे वाचायचे : शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. अंकांची गती डावीकडे, हा त्या विद्येचा दंडक. एकम् आधी सांगायचे, मग दहम्, मग शतम्.

हे भास्कराचार्य आपल्याला परके नाहीत. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तिथे मठ स्थापल्याचे त्या लेखात नमूद आहे, आणि तो लेख उजेडात आणला तो आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी यांनी. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. तिच्यात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत.

आता त्या मठातून एकदम संगणकाच्या पेटीत शिरू. यंत्राला आपल्या दहा अंकांचे काही सोयरसुतक नाही. त्याच्या पोटात खटके. खटका एक तर चालू, नाही तर बंद. आरंभी तसे नव्हते. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९४६ साली जगापुढे आलेला ‘एनिअॅक’ हा अगडबंब गणकयंत्र आपल्यासारखाच दहाच्या पाढ्याने मोजत असे. पण त्याच वर्षी बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन या तिघांनी एक टिपण लिहून प्रतिपादन केले, की यंत्राने दोनाच्याच भाषेत मोजावे. माणसांसाठी दशमानात भाषांतर करायचे, ते यंत्रच करील. म्हणजे यंत्रातली संख्या आणि कागदावरची संख्या यांच्यामध्ये त्या दिवसापासून एक दुभाषी येऊन बसला.

पूर्ण संख्येच्या बाबतीत हा दुभाषी मोठा इमानी आहे. त्याची रीत कोणाही शाळकरी मुलाला कळेल. समजा यंत्राजवळ ४३५ आहेत. त्यांना दहाने भागायचे : भागाकार ४३, बाकी ५. तो पाच लिहून ठेवायचा. ४३ ला पुन्हा दहाने भागायचे : भागाकार ४, बाकी ३. चाराला भागले की बाकी ४. हाती आले पाच, तीन, चार. ते उलटे मांडले की ४३५. वाचकहो, इथे मी थबकलो. एकम् आधी, शतम् शेवटी! अंकांची गती डावीकडे! पाटण्याच्या मठातला विद्यार्थी ज्या दिशेने संख्या वाची, त्याच दिशेने हे यंत्र ती कागदावर उतरवते. त्या मठाची वार्ता त्या यंत्र करणाऱ्यांच्या कानी असेल असे मी म्हणत नाही. दहाच्या हिशेबाची ती अंगभूत चालच आहे.

गोम आहे ती अपूर्णांकात. दिवाळीचेच उदाहरण घेतो. समजा, घरात नारळाची एकच मोठी वडी उरली आहे आणि आईची सुरी अशी हट्टी, की ती नेहमी बरोबर दोनच भाग करते. अर्धा तुकडा मिळेल, पाव मिळेल, आठवा, सोळावा मिळेल. पण दहा मुले दारात उभी राहिली आणि प्रत्येकाला नेमका दहावा हिस्सा हवा असला तर? सोळावा भाग द्या, त्यावर बत्तिसावा द्या, मग दोनशे छप्पन्नावा, पाचशे बारावा... देता देता रात्र सरेल, पण दहावा हिस्सा पुरा व्हायचा नाही. यंत्राचे तेच होते. कुठे तरी थांबून ते जवळची संख्या ठेवून देते. आमच्या ४.३५ रुपयांच्या जागी त्याने ठेवले होते ४.३४, त्यापुढे तेरा नऊ आणि मग एक सहा. अंकी लिहिताना दुभाष्याने ही कसर समजून घेतली आणि ४.३५ लिहिले. अक्षरी लिहिण्यापूर्वी मात्र त्या रकमेला शंभराने गुणून पैसे केले गेले. ते ४३४ आणि वर पैशाला अगदी चिकटलेला तुकडा, असे झाले. आमच्या गृहस्थांनी यंत्राला सांगून ठेवले होते, की तुकडा असेल तो टाकून द्यावा. यंत्राने आज्ञा पाळली. पैसा गेला तो असा.

एका पैशाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये एक नवा निर्देशांक काढला. सुरुवातीला तो १००० होता. दर व्यवहारानंतर तो नव्याने मांडायचा आणि दशांशाच्या तीन स्थळांपुढचे सारे टाकून द्यायचे, अशी रीत होती. असे दिवसातून हजारो वेळा घडे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो घसरत ५२४ च्या आसपास आला. बाजार काही बुडाला नव्हता. हिशेब दुरुस्त करून पाहिला, तेव्हा खरा आकडा १०९८ निघाला!

दुभाष्याला शिस्त लावण्याचे काम जाणत्यांनी पुढे मन लावून केले. अपूर्णांक यंत्रात कसे साठवावेत याचा सर्वमान्य नियम १९८५ साली ठरला. त्यामागे विल्यम कहान या गणितज्ञाची मोठी मेहनत होती. १९९० साली गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी एका निबंधात दाखवून दिले, की यंत्रातली संख्या कागदावर लिहावी ती कमीत कमी अंकांत. पण अशी, की ते अंक पुन्हा वाचले असता यंत्राला नेमकी तीच संख्या परत मिळावी. मला हा नियम फार आवडला. चांगल्या भाषांतराची याहून नेटकी व्याख्या मी आमच्या साहित्यातही वाचलेली नाही.

पण शेवटची मौज आपल्या घरचीच आहे. आमच्या आजीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ होती. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे तिचे अपूर्णांक. हे सारे अर्ध्या-पावाचे. म्हणजे त्या हट्टी सुरीला नेमके साधणारे! रुपयाचे आणे सोळा. पावली, अधेली, आणा यांतले प्रत्येक नाणे यंत्राच्या पोटात कसर न ठेवता बसते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हिशेब सुटसुटीत झाले, हे खरेच. मात्र त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपली माणसे दोनाच्या भाषेत मोजणारे यंत्र उभारीत होती. १९६० साली ते चालू झाले. देश दहाकडे वळत होता आणि यंत्र दोनाकडे!

या यंत्राला मराठी अक्षरी शिकवायची म्हटले, की आणखी एक तप करावे लागते. इंग्रजीत वीस आणि एक जोडले की भागते. आपल्याकडे एकापासून नव्याण्णवांपर्यंत प्रत्येकाचे नाव निराळे, आणि एकोणतीस, एकोणचाळीस असे वजाबाकीने चालता चालता शेवटी नव्याण्णव तो शिरस्ताही मोडून मोकळा होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले गेले, तेव्हा केवढा वाद माजला ते अनेकांना आठवत असेल. मुलांची अडचण खरी आहे, हे मी वर्गात रोज पाहतो. पण यंत्राच्या सोयीसाठी मात्र ती नावे सोडू नयेत, असे मला वाटते. शंभर नावांचा तक्ता पाठ करायला यंत्राला एक क्षण पुरतो.

आमच्या गृहस्थांना मी सारे सांगितले. भले माणूस, रागावले नाहीत. त्यांनी सगळी रक्कम मुळापासून पैशांतच, पूर्ण संख्येत ठेवायची व्यवस्था केली. आता दुभाष्याला दहाने भागण्यापलीकडे काही करावे लागत नाही. सगळ्या पावत्या तपासल्या. कमी पडलेले पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा केले.

त्या मुलीला नवी पावती दिली : ‘चार रुपये पस्तीस पैसे फक्त’. तिने अंकी वाचले, मग अक्षरी वाचले, आणि पुन्हा एकदा दोन्हींवरून बोट फिरवले.

“आता बरोबर आहे, सर,” असे म्हणून ती वर्गात पळाली. मीही तेव्हापासून प्रत्येक पावतीवर सही करण्यापूर्वी दोन्ही ओळी वाचतो.